नऊच्या आधीची मुंबई

लवकर उठलं की दिवसात जास्त वेळ मिळतो, असं लहानपणापासून ऐकत आले. मुंबईत जन्म काढल्यावर माझा अनुभव निराळा आहे. वेळ काही वाढत नाही. पाचला उठणारी बाई पाचला कामाला लागते, सातला उठणारी सातला, आणि रात्री दोघी सारख्याच दमतात. पहाटे या शहरात मिळते ती जागा. चालायला रस्ता, टेकायला कट्टा, पुस्तक उघडायला जिन्याची पायरी, गाडीत खिडकी, डोक्यावर आभाळ. नऊ वाजेपर्यंत यातली एकेक गोष्ट हातातून जाते आणि मग रात्री उशिरापर्यंत परत येत नाही. म्हणून सकाळ सत्कारणी कशी लावावी असं कोणी विचारलं, की मी आधी विचारते, सकाळी तुम्ही असता कुठे?

हे नीट पाहायचं तर दादर पश्चिमेला जावं. स्टेशनातून बाहेर पडल्यावर लागणारा फुटपाथ तोच, रस्ता तोच. पण दिवसभरात तो किती जणांचा होऊन जातो! पहाटे चारच्या सुमारास तिथे वर्तमानपत्रांचे गठ्ठे येऊन पडलेले असतात. दिव्याखाली माणसं उकिडवी बसून अंकात पुरवण्या सरकवत असतात. बोटं इतकी सरावलेली, की तोंडाने शेजाऱ्याशी गप्पा चालू. कोणाच्या लाईनला कुठला पेपर किती, हे तोंडपाठ. सायकली लादून मंडळी निघाली की जमिनीवर फक्त सुतळीचे तुकडे उरतात. सहाच्या पुढे तिथेच कोणी इडलीचा डबा मांडतं. आठला त्या जागेवरून नुसते पाय धावतात, उभं राहायची सोय नसते. अकरापासून कपड्यांचे, पिशव्यांचे, चपलांचे ढीग लागतात. इतक्याशा तुकड्यावर इतक्या लोकांचं पोट चालतं, कारण प्रत्येकाने आपापली घटका धरून ठेवलेली आहे.

तिथून चार पावलांवर फूलबाजार. मीनाताई ठाकरे फूलमंडईची इमारत आहे, पण बाजार इमारतीत मावत नाही. तो पुलाखाली, रस्त्यावर, गल्लीच्या तोंडापर्यंत पसरलेला असतो. झेंडूची पोती, शेवंती, निशिगंध, गुलाबाच्या जुड्या, बेल-तुळस-दुर्वांच्या पाट्या. घाटावरून रात्रभर टेम्पो येत राहतात, आणि वसईकडून पहिल्या गाड्यांनी माणसं सोनचाफा घेऊन उतरतात. चाफ्याला ऊन सोसत नाही, त्यामुळे त्याचा व्यवहार उजाडायच्या आतबाहेरच उरकतो. अशाच एका चाफेवाल्या मावशींशी माझी ओळख झाली.

“मावशी, घरून निघता कधी?”

“अडीचला उठतोच आम्ही. फुलं खुडायची, निवडायची, मग पहिली गाडी.”

“आणि झोप?”

“झोप परतीच्या गाडीत. सकाळी उलटी गाडी मोकळी असते ना, बाकावर पाय घेऊन बसायला मिळतं. वसई आल्यावर पोरी उठवतात.”

पोरी म्हणजे त्यांच्याबरोबर रोज परतणाऱ्या इतर फूलवाल्या. चर्चगेटकडे येणाऱ्या गाडीत माणसं दारात लोंबकळत असतात, त्याच वेळी विरारकडे जाणाऱ्या गाडीत या बायका पाय दुमडून निवांत झोपलेल्या असतात. या शहरात अंग टेकायला जागा कुठल्या वेळी आणि कुठल्या दिशेला मिळते, हे ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

मला हे शिकायला लांब जावं लागलं नाही. मी लालबागच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, आत मोरी, वर पोटमाळा, बाहेर सगळ्यांची मिळून गॅलरी. आजी, आईवडील आणि आम्ही तीन भावंडं. वडील गिरणीत होते. पाळी बदलत राहायची: पहिली सकाळी सातला लागायची, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. वडिलांची जी पाळी, तीच सगळ्या घराची. तिसरी पाळी असली की ते सातनंतर घरी यायचे आणि आम्ही नुकत्याच सोडलेल्या अंथरुणावर आडवे व्हायचे. त्याआधी आमचं आवरून, दप्तरं घेऊन, आवाज न करता खोलीबाहेर पडणं हा नियम होता. कोणी तो कधी सांगितला नव्हता, सगळ्यांना कळत होता. आमचं घर त्यातल्या त्यात मोकळं म्हणायचं. कोकणातल्या एकेका गावाचे गाळे होते, तिथे एका खोलीत गावातले कितीतरी पुरुष राहायचे. एका पाळीचे कामाला गेले की दुसऱ्या पाळीचे झोपायचे. खानावळीत जेवायचे, ट्रंकेत कपडे ठेवायचे. ती सोय फक्त यामुळे चालत होती, की चोवीस तासांचे तुकडे पाडून घेतलेले होते.

पाच वाजता नळाला पाणी यायचं. आईची सकाळ तिथे सुरू व्हायची. हंडे, कळश्या, पिंप, मग चहा, मग डबे. त्या वेळात गॅलरीत आमची अभ्यासाची रांग लागायची. कठड्याजवळचा कोपरा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या शेजारच्या दादाचा. तो आधी खाली जाऊन जोर-बैठका काढायचा आणि मग गणितं सोडवायचा. जिन्याजवळच्या दिव्याखाली बँकेच्या परीक्षेला बसलेली एक ताई. माझी जागा जिन्याची वरून दुसरी पायरी. पाणी भरणाऱ्या बायका माझ्या बाजूने जायच्या, पदर आवरून, हंडा सांभाळून, पण तिथून ऊठ असं मला कधी कोणी म्हटलं नाही. साडेसहाच्या पुढे त्या पायरीवर कोणी बसलेलं चालत नसे, तो जाण्यायेण्याचा रस्ता होता. पण साडेसहापर्यंत ती माझी खोली होती. स्वतःची खोली म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं, आणि आजही उजाडायच्या आधी एकटी बसले की मन लगेच कामाला लागतं.

लालबागच्या पलीकडे परळ. तिथल्या डबक चाळीत शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह एका खोलीत राहायचे. स्वयंपाक, सामान, झोपणं सगळं त्याच खोलीत. धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. दोघांना अंग टाकायला पुरेशी जागा नव्हती, म्हणून मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं, वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागायचं, मग त्याला उठवायचं आणि त्याच्या जागी आपण आडवं व्हायचं, असा क्रम त्यांनी लावला होता. मुलगा उरलेली रात्र चिमणीच्या उजेडात वाचत बसायचा. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. बाबासाहेबांच्या चरित्रातला हा प्रसंग सांगताना लोक कष्टांबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्यातला बाप पुन्हा पुन्हा आठवतो. खोली मोठी करणं त्याच्या हातात नव्हतं. त्याने रात्रीचे दोन भाग केले आणि चांगला भाग मुलाला दिला.

पुढे १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, कारण नोकरी करणाऱ्या मुलांना कामावर जाण्याआधी शिकता यायला हवं होतं. टपालखात्यात, कचेऱ्यांत, दुकानांत दिवसभर राबणाऱ्यांना पदवीची वाट त्या सकाळच्या तासांनी मोकळी केली. मुंबईत ‘मॉर्निंग कॉलेज’ म्हटलं की आज साधी सोय वाटते. माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांचं नशीब या तासांत बदललं आहे.

शाळांचंही तेच. आमची शाळा सकाळची आणि त्याच वर्गांत, त्याच बाकांवर दुपारची मुलं. माझ्या बाकाच्या खणात दुपारच्या कोणातरी मुलीची पेन्सिलीची टोकं सापडायची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही. मुंबईच्या कितीतरी शाळा अशा दोन पाळ्यांत भरल्या आणि अजून भरतात. इमारत एकच आहे, म्हणून.

आणि मुंबईची सकाळ मुळात उशिरा उजाडणारी. यामागे एक जुनी हकिकत आहे. १९०६ च्या जानेवारीत आजची प्रमाणवेळ लागू झाली, त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आपल्या शहराच्या डोक्यावर सूर्य कधी येतो यावर ती बेतलेली होती. नवी वेळ मुंबईने मुकाट्याने घेतली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला. घड्याळ पुढे सरकलं म्हणजे कामगाराला तितकंच आधी, अंधारात, घराबाहेर पडावं लागणार, हे त्यांना सरळ दिसत होतं. शहरात दोन वेळा बराच काळ शेजारीशेजारी नांदल्या आणि ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकला. माझी आजी शेवटपर्यंत ‘जुन्या टायमाने’ असं म्हणायची. तेव्हा मला ती नुसती सवय वाटायची, पण तिच्या डोक्यात खरोखरच दुसरं घड्याळ होतं.

त्या ३९ मिनिटांचा परिणाम अजून आहे. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. साताच्या शाळेला निघालेलं पहिलीतलं पोर रिक्षात बसतं तेव्हा आकाशात अजून तारे असतात. राज्य सरकारने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मला मनापासून पटला. लहान मुलांना झोप हवी, उजेडात उठणं हवं. अडचण कुठे येते तेही दिसतं: जिथे एका इमारतीत दोन शाळा भरतात, तिथे पहिली पाळी दोन तास पुढे ढकलायची तर दुसरीने जायचं कुठे? बस त्याच, रिक्षावाले काका तेच. मुलांची झोप आणि वर्गखोल्यांची टंचाई यांत झोपेने हार मानू नये, एवढं मला ठाम वाटतं. अधिक वर्ग बांधणं हा त्यावरचा उपाय आहे आणि तो पैशांनी होण्यासारखा आहे.

आता शिवाजी पार्कबद्दल, कारण माझी सकाळ आता तिथे जाते. १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुलं झालं, १९२७ साली शिवरायांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. भोवतीच्या कट्ट्याला लागून एक फेरी सुमारे सव्वा किलोमीटर भरते. सहाला गेलं की पहिल्या फेरीला हवेत धुळीचा वास नसतो, दव पडलेलं असलं तर मातीचा असतो. आत एकमेकींत घुसलेल्या खेळपट्ट्या. एका क्लबचा कव्हरचा खेळाडू दुसऱ्या क्लबच्या मिडविकेटशेजारी उभा असतो आणि दोघांना आपापला चेंडू अचूक ओळखता येतो. रमाकांत आचरेकर सर याच मैदानावर मुलं घडवायचे. लहान सचिन तेंडुलकर सरावासाठी मैदानाजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे राहायला आला, हे दादरमध्ये कोणीही सांगेल. पुन्हा तेच, जागा जवळ असणं. समर्थ व्यायाम मंदिरही १९२५ पासून इथे आहे. मल्लखांबावर उलटी लटकलेली मुलगी पायांच्या कात्रीवर सगळं अंग तोलून दोन्ही हात सोडते, तेव्हा बघणाऱ्या माणसाचा श्वास थांबतो आणि ती मात्र मजेत असते.

पण मी तिथे मुख्यतः बसायला जाते. दोन फेऱ्या मारते आणि कट्ट्यावर बसते. काही करत नाही. बाईच्या दृष्टीने ही किती मोठी गोष्ट आहे ते पुरुषांना सांगून कळेलच असं नाही. संध्याकाळी एकटी बाई कट्ट्यावर नुसती बसली, तर ती कोणाची तरी वाट पाहते आहे असं लोक गृहीत धरतात. हातात पिशवी हवी, फोन हवा, काहीतरी कारण हवं. सकाळी कारण लागत नाही. चालून दमलेली म्हणा, श्वास घेत बसलेली म्हणा, कोणी वळून बघत नाही. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी बसतात. घरी मुलगा, सून, दोन नातवंडं, दोन खोल्या. “इथे आले की तासभर मी कोणाची आजी नसते,” असं त्या एकदा म्हणाल्या. नातवंडांवर त्यांचा जीव आहे. तरीही तो तास त्या पावसातसुद्धा सोडत नाहीत.

हा तास आपोआप मिळत नाही. मुंबईतल्या घरांत सकाळ म्हणजे डबा, आणि डबा म्हणजे बहुतेक ठिकाणी अजून बाईच. डबेवाला नऊच्या सुमाराला दारात येतो. १८९० पासून चालत आलेल्या त्या साखळीचं जगभर कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण तिची पहिली कडी स्वयंपाकघरात सहाला पेटलेला गॅस आहे. आमच्याकडे आम्ही काही गोष्टी बदलल्या. भाजी रात्री चिरून ठेवायची. कणीक मळायचं काम मुलाकडे, तेही रात्री. सकाळचा डबा एक दिवस माझ्याकडे, एक दिवस नवऱ्याकडे. पोळ्या करायला येणाऱ्या ताई पूर्वी साडेसहाला यायच्या. म्हणजे स्वतःच्या घरचं पाणी, डबे, मुलीची वेणी हे सगळं त्या चारला उठून उरकायच्या. माझी मोकळी सकाळ त्यांच्या मोडलेल्या झोपेवर उभी राहणार असेल तर तिला काय अर्थ? आम्ही दोघींनी बसून ठरवलं. आता त्या साडेआठनंतर येतात आणि संध्याकाळच्या पोळ्याही तेव्हाच करून ठेवतात. मुलीला शाळेत त्या स्वतः सोडतात. पगार तोच. घरात पहिले दिवस कुरकुर झाली, मग सगळ्यांना सवय लागली.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पहाटे पाचला उठा, आयुष्य बदला, असा जो धोशा सध्या सगळीकडे चालला आहे, तो या शहरातल्या पुष्कळ माणसांवर अन्याय करणारा आहे. रात्री अकराला फोर्टातून सुटून दीडला नालासोपाऱ्यात जेवणाऱ्या माणसाला हे सांगू नये. रातपाळीच्या नर्सला, कॉल सेंटरमधल्या पोरांना, रात्रभर रस्ता खणणाऱ्या मजुरांना तर नाहीच. त्यांची सकाळ झोपेची आहे आणि तीही सकाळ सत्कारणीच लागते. ज्यांना झोप मोडावी न लागता उठता येतं, त्यांच्याबद्दल मी बोलते आहे. रात्रीचा तासभराचा पडदा, मग तो टीव्हीचा असो की फोनचा, बाजूला ठेवला तर अशांची संख्या वाटते त्यापेक्षा मोठी निघेल. आणि उठल्यावर तो तास पुन्हा घरातच, त्याच पडद्यासमोर काढायचा असेल तर झोपलेलं बरं. पहाटेची मुंबई दाराबाहेर आहे.

बाहेर कुठे? ज्याचं त्याने शोधावं. पण मुंबईत हवं ते जवळपास सापडतं. बोरिवलीकरांना तर १०० चौरस किलोमीटरहून मोठं जंगल दाराशी आहे आणि राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास मिळतात. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुने वृक्ष आहेत. एकोणिसाव्या शतकात लावलेल्या त्या बागेत सकाळी फिरताना बाहेरच्या रस्त्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. मासळी आवडणाऱ्याने कधीतरी पहाटे ससून डॉकला जावं. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत बोटी लागतात, कोळणी लिलावात भाव करतात, आणि ओल्या फरशीवर पाय जपून टाकावा लागतो. तिथे नुसतं बघायला गेलेल्या माणसाने कडेला उभं राहावं, कोणाच्या पाटीच्या वाटेत येऊ नये आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. माणसं कामात असतात. आणि काहीच नको असेल तर सहाच्या आधीची लोकल धरावी. लेडीज डब्यात स्तोत्राची लहान पुस्तकं उघडलेली असतात, कोणी मेथी निवडत असतं, खिडकीतून गार वारा लागतो. दोन तासांनी त्याच डब्यात हात वर करायला जागा उरत नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना दिले होते. मी तेव्हा मरीन ड्राइव्हवर गेले होते. समुद्राच्या बाजूच्या फुटपाथवर आपण नेहमीच चालतो, पण मधल्या रस्त्यावर, डांबरावर चालणं काही वेगळंच होतं. मुलं स्केट्स घालून सुटली होती, दोन म्हातारे गृहस्थ भर रस्त्यात बॅडमिंटन खेळत होते, एका कुटुंबाने सतरंजी अंथरून पोहे काढले होते. रस्ता एवढा रुंद आहे हे मला त्या दिवशी समजलं. गाड्या असताना त्याची रुंदी कळतच नाही. असे रविवार प्रत्येक वॉर्डात, बारमाही व्हायला हवेत, आणि फक्त समुद्रकाठी नकोत. कुर्ल्याला, मानखुर्दला, गोवंडीला त्यांची गरज जास्त आहे, कारण तिथे घरंही लहान आणि बागाही थोड्या.

वरळीला एक गल्ली आहे, तिचं नावच अभ्यास गल्ली. बीडीडी चाळींतली आणि आसपासची मुलं वर्षानुवर्षं तिथल्या दिव्यांखाली परीक्षेची तयारी करत आली. १६० चौरस फुटांच्या खोल्या, त्यात सहा-सात माणसं. अभ्यासाला ती गल्लीच होती. आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बातमी वाचून मला जिन्यावरची पायरी सोडताना झाला असता तसा आनंद झाला. दार लावून बसायला प्रत्येक मुलाला खोली मिळायलाच हवी. तरी ती गल्ली राहावी, असं मला वाटतं. शेजारी अनोळखी मुलगा वाचत बसलेला असला की आपलंही पान उलटतं. मोठ्या घरात गेल्यावर कोणी उठवून बाहेर पाठवत नाही, म्हणून तर बाहेर अशी चांगली जागा असायला हवी, जिथे आपणहून जावंसं वाटेल.

आणि त्यासाठी लागतात त्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पाचला उघडणारं बागेचं फाटक. बंद न पडणारे दिवे. पिण्याच्या पाण्याचा नळ. पाठ टेकता येईल असे बाक, कारण सत्तरीच्या बाईला नुसत्या दगडी कट्ट्यावर तासभर बसवत नाही. आणि बायकांसाठी स्वच्छ, कुलूप न लावलेलं शौचालय. हे शेवटचं मी पहिलं लिहायला हवं होतं. सकाळी फिरायला येणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी बाया घरून निघताना पाणी पीत नाहीत. पहाटे कामाला उतरणाऱ्यांची तर याहून वाईट गत. शौचालय बांधलेलं असतं, पण कुलूप सातला निघतं. आणि बाजार, गाड्या, झाडू मारणाऱ्या बायका सगळ्या त्याआधी दोन-तीन तास रस्त्यावर असतात.

कट्ट्यावर भेटणाऱ्या आम्ही बायकांनी यावर एक अर्ज लिहिला आहे. आमच्या भागातली सार्वजनिक शौचालयं पहाटे चारला उघडावीत, तिथे महिला कर्मचारी असावी आणि दिवा असावा, एवढंच त्यात आहे. सह्या करणाऱ्यांत फिरायला येणाऱ्या आहेत, फूलवाल्या आहेत, दूध केंद्रावरच्या आहेत, सफाई कामगार आहेत, आणि माझ्या शेजारच्या त्या आजींनी आपलं पूर्ण नाव जपून, ठळक अक्षरांत लिहिलं आहे. अर्जाची पोच मिळाली. उत्तरासाठी सोमवारी आम्ही चौघी पुन्हा वॉर्ड ऑफिसला जाणार आहोत.